झोपेचा रकाना कोराच

पिकाच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसलो की बियाणे, खत, औषध, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे असे सगळे कागदावर येते. एक रकाना मात्र कायम कोरा राहतो. तो न झालेल्या झोपेचा. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांसाठी जागल. कपाशी वर आली की रोह्यांच्या कळपासाठी जागल. विहिरीत थोडे पाणी असलेच तर वीज रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला जागल. वर्षातल्या किती रात्री अशा बांधावर जातात ते कोणी मोजत नाही.

२०२४ साली पुण्यात हिशेबतपासणीच्या एका मोठ्या कंपनीत काम करणारी तरुण मुलगी मरण पावली. तिच्यावर कामाचा अतोनात बोजा होता, रात्री उशिरापर्यंत काम चाले, असे तिच्या आईने पत्र लिहिले. कामामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण देशभर चर्चा झाली आणि केंद्रीय कामगार खात्याने चौकशी हाती घेतली. ते योग्यच झाले. लेकरू कोणाचेही असो, त्याच्या जिवाचे मोल आहे. आमचा प्रश्न एवढाच, की पुण्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर जो माणूस दिवसभर कोळपणी करून रात्री बॅटरी घेऊन रानात जातो, त्याच्या जागरणाची चौकशी कोणते खाते करणार?

यावर ठरलेले उत्तर मिळते: "शेतकऱ्याला सवय असते." आमच्यातलेही पुष्कळ जण अभिमानाने हेच सांगतात. म्हणून शास्त्र काय म्हणते ते नीट पाहिले पाहिजे. पुढचे प्रयोग आजारी माणसांवर नव्हे, धडधाकट माणसांवर झालेले आहेत.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आता हिशेब करा. पहाटे ५ ला उठलेल्या शेतकऱ्याचे १७ तास रात्री १० ला भरतात. म्हणजे जागल सुरू होते तेव्हाच, थेंबही न घेता, तो कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखा झालेला असतो. पुढची सगळी रात्र अजून बाकी असते.

१९९९ साली अमेरिकेत ११ निरोगी तरुणांना ६ रात्री फक्त ४-४ तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद घटली. २००३ साली दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप दिली. शेवटी त्यांचे लक्ष सलग एक-दोन रात्री डोळा न लागलेल्या माणसाइतके ढासळले. त्याहून महत्त्वाचे हे, की आपले इतके बिघडले आहे याची त्यांना पुरती जाणीवच नव्हती. तेव्हा सवय होते ती पेंगण्याची. शरीर आणि बुद्धी काही सवयीने सावरत नाहीत. चहाने तासभर डोळे उघडे राहतात, राहिलेली झोप भरून निघत नाही.

ही किंमत शेतात रोज मोजावी लागते. कडबाकुट्टी यंत्रात वैरण सारणारा हात क्षणभराच्या डुलकीने आत जातो. दारे धरताना पाय कुठे पडतो ते कळत नाही, आणि घोणस तिथेच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले. त्याची कारणे वेगळी आणि अनेक होती. पण वाऱ्याची दिशा, औषधाचे माप, तोंडावरचे फडके, हे सगळे भान ठेवण्याचे काम आहे आणि जागरणात पहिल्यांदा जाते ते भानच. घरातल्या बाईचा हिशेब तर आणखी कोरा. नवरा जागलीवर गेला की तिचीही झोप सावध, आणि पहाटेची चूल तिचीच.

कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली, जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदानाच्या प्रकरणात, झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. घटनेचे २१ वे कलम शहराच्या वेशीवर संपत नाही.

दिवसा वीज देऊ, हे वचन सरकारनेच दिलेले आहे. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. सूर्य दिवसा तळपतो, तेव्हा ज्या वाहिनीवर हे काम झाले तिथे रात्रीचे दारे धरणे सुटते. जिथे झाले नाही तिथे कधी होणार, याची तारीख गावागावाने लेखी मागावी.

जिल्हा बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, प्रत्येक वाहिनीवर दिवसा वीज. दुसरी, रानडुकरे आणि रोही यांच्या बंदोबस्ताचा आणि कुंपणाचा खर्च सरकारने उचलावा, कारण ही जनावरे कायद्याने सरकारने राखली आहेत. तिसरी, जागलीची मजुरी रात्रपाळीच्या दराने उत्पादनखर्चात धरावी.

तोवर आपल्या हातातले आपण करू. चार शेजाऱ्यांनी मिळून पाळी लावावी, म्हणजे तीन रात्री घरी झोप मिळेल. जागलीच्या दुसऱ्या दिवशी फवारणी नको, कडबाकुट्टी नको, लांबचा मोटारसायकलचा प्रवास नको. दुपारी बांधावर अर्धा तास पडलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणू नये. आणि येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने या हंगामातल्या जागलीच्या रात्री मोजून, वहीत लिहून आणाव्यात. कोऱ्या रकान्याचे पैसे कोणी देत नाही.