संशोधन आणि पदवीचा वर्ग यांमधील भिंत

पावसाचा अंदाज चुकला की वेधशाळेची थट्टा होते. पण वाऱ्यापावसाचे कोडे उकलणारी माणसे घडतात कोठे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रा. रोद्दम नरसिंह (१९३३–२०२०) यांचे कार्य त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

नरसिंह मूळचे इंजिनिअर. १९५३ साली बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. विद्यार्थिदशेत त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात त्यांनी स्पिटफायर विमान पाहिले आणि विमानविद्येची ओढ लागली. पुढे तेथेच सतीश धवन यांच्यासारखे गुरू लाभले. १९६२ पासून ते त्या संस्थेत शिकवू लागले. विमानाच्या पंखालगतच्या हवेचे शास्त्र त्यांनी भूपृष्ठालगतच्या हवेला लावले. १९८२ साली संस्थेत वातावरणविज्ञानाचे केंद्र उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. १९९० साली जोधपूरपासून खरगपूरपर्यंत मनोरे उभारून मान्सूनच्या हवेचे मोजमाप झाले, त्यातही त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांच्या एका संशोधनाचे मूळ पुण्यात आहे. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवाच सर्वांत थंड असावी, अशी समजूत होती. पुण्यात कृषिहवामानाचे काम पाहणाऱ्या डॉ. एल. ए. रामदास यांना १९३२ साली आढळले की, सर्वांत थंड थर जमिनीपासून वीत-दोन वीत वर असतो. अनेकांनी तो उपकरणांचा दोष मानला. १९९३ साली नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सैद्धांतिक उपपत्ती मांडली. पुढे बंगळूरमध्येच झालेल्या प्रयोगांनी हवेतील सूक्ष्म कणांचे महत्त्व दाखवून तो प्रश्न पुन्हा खुला केला. दव आणि धुके यांच्याशी निगडित असलेला हा प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

असा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवायला काय लागते? काही तापमापके, एक खांब, मोकळे रान आणि स्वतः शोध घेणारा शिक्षक. यांपैकी दुर्मिळ आहे तो शिक्षक. स्वातंत्र्योत्तर काळात संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांत गेले आणि पदवीचे वर्ग महाविद्यालयांत उरले. खुद्द भारतीय विज्ञान संस्थेने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला तो २०११ साली. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे खुली झाली. जागा वाढल्या, शुल्क वाढले, पण प्रयोगशील अध्यापक त्या प्रमाणात वाढले नाहीत.

२०२०-२१ साली देशाचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. विद्यापीठांत संशोधन रुजवणे, हा त्याचा घोषित हेतू योग्यच आहे. परंतु पाच वर्षांत उभारावयाच्या ५० हजार कोटी रुपयांपैकी सुमारे ३६ हजार कोटी खाजगी क्षेत्रातून येतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. शेतावरच्या दवाचे मोजमाप करण्यासाठी कोणते भांडवल थैली मोकळी करील? ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि नफा कोणालाच होत नाही, त्याचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलला पाहिजे.

मात्र केवळ अधिक पैसा मागून भागणार नाही. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने परिसरातील महाविद्यालयांत पदवीचे वर्ग घ्यावेत, आपली उपकरणे विद्यार्थ्यांना खुली करावीत, ही अट निधीलाच जोडली पाहिजे. विद्यापीठांच्या अधिसभांत आणि विद्यार्थी संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा आग्रह धरावा. एका विद्यार्थ्याला आवारात उभे असलेले विमान दिसले, म्हणून देशाला एक शास्त्रज्ञ मिळाला. इतरांचे भवितव्य अशा योगायोगावर सोडून देणे समाजाला परवडणारे नाही.