देव केला की हिशेब बंद



फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) ज्यांना आवडते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पुढच्या भागाबद्दल एकच तक्रार असते, “पॉलचं वाटोळं केलं.” हा पुढचा भाग, ‘ड्यून मेसाया’, १९६९ साली आला. मला ही तक्रार मुळीच पटत नाही. पॉलचं वाटोळं लेखकाने नाही, सत्तेने आणि भक्तांनी केलं. तेच सांगायला हे पुस्तक लिहिलंय.

गोष्ट थोडक्यात सांगते. अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या फ्रेमेन लोकांनी पॉलला तारणहार मानलं. पण तारणहार येणार ही श्रद्धा आपोआप उगवली नव्हती. बेनी जेसेरिट नावाच्या स्त्रियांच्या संघाने स्वतःच्या सोयीसाठी ती कितीतरी आधी तिथे पेरून ठेवली होती. दुसऱ्या भागात बारा वर्षं उलटली आहेत. पॉल आता सम्राटही आहे आणि देवही.

मी कॉमर्सवाली, मला आधी आकडे दिसतात. त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेली. म्हणजे ६,१०० कोटी! ९० ग्रह उजाड झाले, ४० धर्मांचे अनुयायी नाहीसे झाले. हा हिशेब पॉल स्वतःच मांडतो. जमेला काय? मंदिरं, यात्रेकरू आणि किझारेट नावाची पुरोहितांची नोकरशाही. त्यातलाच कोर्बा, एकेकाळचा लढाईतला साथीदार, पॉलविरुद्ध कटात सापडतो.

“पण पॉल मनाने चांगला होता ना?” होता. त्याला पुढचं दिसतही होतं. तरी त्याच्या नावाने चाललेली कत्तल त्याला थांबवता आली नाही. मग त्या चांगुलपणाचा मेलेल्यांना काय उपयोग? राजा चांगला असून भागत नाही, त्याला हिशेब विचारणारं कुणीतरी लागतं. आणि देवाला हिशेब कोण विचारणार?

घरात काय झालं तेही बघा. राजकन्या इरुलान नावापुरती पत्नी. ती चानीच्या जेवणात गुपचूप गर्भ राहू नये म्हणून औषध घालत राहते. त्या औषधाने शरीर पोखरलेली चानी बाळंतपणात जाते. धाकटी बहीण आलिया ऐन पोरवयात देवी होऊन मंदिरात बसते. सिंहासनाची किंमत शेवटी माजघरानेच चुकवली.

अखेरीस आंधळा झालेला पॉल फ्रेमेन रिवाजाप्रमाणे एकटा वाळवंटात निघून जातो. काहीजण याला त्याग म्हणतात. मी म्हणणार नाही. आपले शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ चक्रवर्तीही होते आणि तीर्थंकरही. पण त्यांनी आधी राज्य सोडलं, मग धर्म सांगितला. दोन्ही एकाच वेळी हातात ठेवलं नाही. पॉलच्या जाण्याने तर त्याची गादी आणखी घट्ट झाली, आणि तान्ह्या जुळ्यांना भक्तसुद्धा वारशाने मिळाले.

तेव्हा सिनेमा पाहून नातवंडं पॉलच्या प्रेमात पडली असतील, तर हा दुसरा भाग त्यांच्या हातात नक्की द्या. आपणही ध्यानात ठेवू. पायावर डोकं ठेवायच्या आधी, त्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली आणि तलवार तर नाही ना, एवढं बघून घ्यायचं.