विश्लेषण : ‘मायकोप्लाझ्मा’ म्हणजे काय? नेहमीची अँटिबायोटिक का चालत नाही?

पुणे : ताप बेताचाच, पण खोकला दोन आठवडे हटत नाही. अशा वेळी बिबवेवाडी असो वा बाणेर, घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊन बघितली जाते. आजार ‘मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए’चा असेल, तर ती गोळी वाया जाऊ शकते.

नावाचा अर्थ काय?
ग्रीकमध्ये ‘मायकेस’ म्हणजे बुरशी, ‘प्लाझ्मा’ म्हणजे घडवलेला आकार. प्रत्यक्षात ही बुरशी नाही, अतिसूक्ष्म जिवाणू आहे.

औषध का चालत नाही?
अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला ही भित्तिकाच नसते. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन प्रथिननिर्मिती रोखतात, म्हणून डॉक्टर ती देतात.

धोका किती?
खोकल्या-शिंकण्यातून संसर्ग पसरतो, लक्षणे १ ते ४ आठवड्यांनी दिसतात. बहुतेकांना त्रास सौम्य असतो. क्वचित यानंतर जीबीएस होऊ शकतो. पुण्यातील जानेवारी २०२५ च्या जीबीएस साथीत मात्र काही रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा वेगळा जिवाणू आढळला होता.

काय करावे?
खोकला लांबला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडे जावे. पीसीआर चाचणीने निदान होते. औषध मनाने सुरू करू नये, मध्येच सोडू नये.