लुगडं हिरवं होतं

‘ताई, तुम्हाला गोष्टी सुचतात तरी कशा?’ असं आपल्या वाचक भगिनी भेटल्या की हमखास विचारतात. आजवर मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेत आले. या वेळी मात्र खरं ते सांगते, कारण गेल्या महिन्यात घरातच माझी चोरी पकडली गेली.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात कथावाचन होतं. मी माझीच एक कथा वाचली. बांधकामावर घमेली वाहणारी आई, शाळेतून मैत्रिणींबरोबर घरी निघालेली मुलगी. आई समोर दिसते, मुलगी मान फिरवून पुढे जाते. चार पावलांवर तिचं तिलाच खातं, ती माघारी पळत येते आणि सगळ्यांदेखत ‘आई’ म्हणून हाक मारते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझी आई पुढेच बसली होती. चौथीपर्यंत शिकलेली, आता पंचाहत्तरीची. तरुणपणी रोज सकाळी नाक्यावर उभी राहायची, मुकादम नेईल त्या कामावर जायची. घरी येताना वाटेत काही बोलली नाही. दाराशी चप्पल काढताना म्हणाली, ‘लुगडं लाल नव्हतं गं, हिरवं होतं. अन् तू काय माघारी फिरली नव्हतीस.’

म्हणजे तिनं मला तेव्हा पाहिलं होतं! चाळीस वर्षं मी समजत होते, की ते फक्त मला माहीत आहे.

त्या रात्री झोप कसली येते? मोठ्या लेखकांनी आपल्या लहानपणाचं काय केलं, ते आठवत पडले. ऊर्मिला पवारांचंच घ्या. जन्म १९४५ चा, बालपण रत्नागिरीकडचं. वडील शिक्षक, पण लवकर गेले. मग आईनं बांबूची सुपं, टोपल्या विणून विकल्या आणि मुलांना शिकवलं. बांबूच्या या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. २००३ साली आलेल्या आत्मकथनाला त्यांनी तेच नाव दिलं. डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेनं रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या, येताना थट्टामस्करी करणाऱ्या बायका त्यात भेटतात. आपल्यातल्या कितीतरी जणींना त्यात आपली आजी दिसेल.

पण मला त्यांची ‘कवच’ ही कथा जास्त आठवते. त्यातली आई आंबे विकते. गिऱ्हाइकं आंब्यांवरून चावट, दोन अर्थांचं बोलतात. तिच्या शाळकरी पोराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आईनं बाजारात जाऊच नये, असं त्याला वाटतं. आई मात्र त्या मेल्यांना तोडीस तोड ऐकवते. तिला पोटासाठी बसायचंच आहे तिथं. आता पाहा, बाई स्वतः मुलगी, पण कथेत डोळे दिले ते मुलाचे. त्यामुळे आई जास्त मोठी दिसते, असं मला वाटतं. पोराची लाज काही लेखिकेनं झाकली नाही.

बाबूराव बागुलांचं तर त्याहून कठोर. नाशिकजवळच्या विहितगावचे. लहानपणीच मुंबईला माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आले. तिथली माणसं, तिथली भूक त्यांच्या कथांत ठायी ठायी आहे. पुढे रेल्वेत लागले आणि सुरतेला गेले. भाड्याची खोली मिळेना, म्हणून जात लपवावी लागली. तो अपमान सोसवेना, म्हणून त्यांनी नोकरीच सोडली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्यातून आली, आणि त्याच नावाचा संग्रह १९६३ साली निघाला. त्या कथेत जात लपवणारा नायक आहे, तसा न लपवता ताठ मानेनं वावरणारा काशिनाथही आहे. लपवणाऱ्याला शेवटी मार बसतो, तेव्हा धावून येतो तो काशिनाथच. बागुलांनी आपल्यासारख्याच माणसाला कथेत जराही सांभाळून घेतलेलं नाही.

आणि मी? मीही घडलेलं बदललं, पण ते स्वतःला सोडवण्यासाठी. हाक न मारलेल्या पोरीला मी कागदावर हाक मारायला लावली आणि टाळ्या घेतल्या. घमेलं डोक्यावर असताना, पोटची पोर मान फिरवून गेलेली पाहून त्या बाईनं पुढचं घमेलं कसं उचललं असेल, हे माझ्या कथेत कुठेच नव्हतं. गोष्ट तर तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना आईला विचारलं, ‘तेव्हा तुला काय वाटलं गं?’

‘काय वाटायचंय? दुसरा स्लॅब होता. खाली मुकादम ओरडत होता.’ तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, ‘तुझ्या पायात चप्पल नव्हती, तेवढं दिसलं. आठवड्याच्या पगारात घेतली मग.’

ती चप्पल मला आठवते. निळ्या पट्ट्यांची. ती त्या आठवड्यात का आली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. लुगडं हिरवं केलं. मुलगी आता माघारी फिरत नाही. दोन पानं आईच्या बाजूनं झाली आहेत, पण स्लॅबवर घमेली कशी हातोहात चढवतात ते मला नीट ठाऊक नाही. आज संध्याकाळी आईजवळ वही घेऊन बसणार आहे.