घरात आणलेला जीव आजारी पडतो तेव्हा



आमच्या हॉलमध्ये माशांची काचेची टाकी आहे, हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटायची. धाकट्याने हट्टाने चार डिस्कस मासे आणले आणि वर्षभरात स्वारी शिकायला पुण्याला गेली. मासे राहिले माझ्या गळ्यात.

ऐन चातुर्मासात त्यातला एक काळवंडला. डिस्कस म्हणजे ताटलीसारखा गोल, चपटा, रंगीत मासा. हा मात्र अंग काळं करून कोपऱ्यात, मान खाली घालून बसायचा. खाणं बंद, आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी.

सासूबाई म्हणाल्या, "त्याचं आयुष्य तेवढंच असेल, णमोकार ऐकव." जाऊबाईंचं म्हणणं, "नदीत सोड गं, अभयदान तरी घडेल." आणि स्वाध्यायाला येणारी एक मैत्रीण म्हणाली, "औषध घातलंस तर पोटातले जंतू मरणारच की. मग ती हिंसा नाही का?"

णमोकार मी ऐकवलाच. पण नदीचं मला पटलं नाही. हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला २८ ते ३० अंशांचं ऊबदार, मऊ पाणी लागतं. आपल्याकडच्या थंडीत त्याला नदीत सोडणं म्हणजे मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड. शिवाय परका मासा नदीत सोडला तर त्याचे रोग तिथल्या माशांनाही लागू शकतात. याला अभयदान कसं म्हणायचं?

मैत्रिणीच्या प्रश्नाने मात्र दोन रात्री झोप लागली नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध. मासा काचेत ठेवला तेव्हाच बंधाचा दोष लागला. आता तो आजारी असताना हात आखडला, तर अन्नपाण्याचाही लागेल. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे; आरंभी आणि विरोधी हिंसा संसारात पूर्ण सुटत नाही. लेकराच्या पोटात जंत झाले तर आपण औषध देतोच, तेव्हा कुणी हा प्रश्न काढत नाही. मासाही पंचेंद्रियच आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आपल्याच समाजाने पक्ष्यांचं रुग्णालय चालवलं आहे. पक्ष्यांना चालतं ते माशाला का नको?

म्हणून कंबर कसली. आजारी मासा वेगळ्या टाकीत घेतला; तळाला वाळू-खडे काही नाही, म्हणजे घाण लगेच दिसते. पाणी हळूहळू ३१ अंशांवर नेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं, म्हणून पिंप भरून एक दिवस हवा सोडून ठेवायचं, मग त्याच उष्णतेला आणून रोज थोडं बदलायचं. (पिंप भरताना हात सवयीने गाळण्याच्या फडक्याकडे जायचाच.) पशुवैद्यांनी मेट्रोनिडाझोल दिलं, प्रमाण त्यांनीच टाकीतल्या पाण्याचे लिटर विचारून ठरवलं. फिल्टरमधला कोळसा आधी काढायचा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो, हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास खाण्याचा झाला. दुकानदार म्हणाला, ताकद यायला बीफ हार्ट द्या, सगळे देतात. ऐकूनच अंगावर काटा आला. निसर्गात हा मासा शेवाळ, कुजलेला पाला आणि बारीक किडे खातो; गाईचं काळीज त्याने कुठून खाल्लं असणार? मी स्पिरुलिनाचे दाणे आणले. पण पाकिटाची मागची बाजू वाचली तर त्यातही माशांची भुकटी. वाफवलेला वाटाणा त्याने हुंगला आणि सोडून दिला. शेवटी तेच दाणे दिले. त्याचं प्रायश्चित्त मी घेतलं आहे, पण मन साफ झालं असं म्हणणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी सामायिक करून उठले, तर मासा काचेजवळ. रंग उजळलेला. एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. मी सासूबाईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेला बी आई लागती गं." त्यांना मी नंतर सांगितलं, या माशाची पिल्लं खरोखरच सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात.

माझं मत विचाराल तर, मैत्रिणींनो, मुलांनी कितीही हट्ट केला तरी मासे विकत आणू नका. आपण एक विकत घेतला की दुकानदार दुसरा मागवतो. पण घरात आलेच असतील, तर ते दुखणेकरी झाल्यावर कर्मावर ढकलू नका.

दिवाळीला मुलगा आला. म्हणाला, "आई, टाकी मोठी आहे, अजून दोन आणू या?" मी त्याच्या हातात बादली दिली आणि म्हटलं, आजचं पाणी तू बदल.