लेबल वाचणारी जीभ

रसग्रहण हा शब्द आपण इतक्या सवयीनें वापरतों कीं, त्याचें मूळ जिभेपाशीं आहे याचें स्मरणही आपणांस राहत नाहीं. काव्य, गायन, चित्र यांची पारख करणाराला आपण रसिक म्हणतों. म्हणजे चव घेणाराच्या इमानावर आपण सगळ्या टीकाशास्त्राची इमारत उभारली आहे. मग ज्यांची विद्या खरोखरीच चव घेण्याची आहे, त्यांचें इमान कसें असतें हें एकदां तपासून पाहण्यास हरकत नसावी. स्कॉच व्हिस्कीची चव घेऊन तिची तुलना करणाऱ्या हौशी मंडळींविषयीं प्रस्तुत लेखांत कांहीं कटु बोलावयाचें आहे. ज्यांच्या घरीं मद्याला उंबरठा ओलांडूं देत नाहींत, अशा वाचकांनींही हें पान उलटण्याचें कारण नाहीं. येथें मद्याची शिफारस नाहीं. वाद आहे तो न्यायाचा.

अशा बैठकीचें दृश्य सर्वत्र सारखेंच असतें. सहा-आठ मित्र एका मेजाभोंवतीं बसतात. तोंडाशीं निमुळते होत गेलेले पेले, पाण्याचें लहानसें भांडें, प्रत्येकापुढें एक वही. एकेक बाटली मध्यभागीं येते. आणणारा तिचें नांव सांगतो, वय सांगतो, ती कोणत्या पिंपांत मुरली तें सांगतो. किंमत सांगत नाहीं, पण ती सर्वांना कळेल अशी व्यवस्था करतो. मग पेल्यांत दोन-दोन घोट पडतात. रंग दिव्याकडे धरून पाहिला जातो, पेला नाकाशीं नेला जातो, माना हलतात. आणि शेवटीं वहींत शंभरांपैकीं गुण लिहिले जातात. माझें म्हणणें असें कीं, ही परीक्षाच नव्हे. बूच निघण्यापूर्वीं निकाल लागलेला असतो. जीभ त्याखालीं केवळ सही करते. लेबल उघडें ठेवून केलेली तुलना म्हणजे दरपत्रकाचें सामूहिक वाचन होय, आणि अशा वाचनांतून निघालेले गुण छापणें ही वाचकाची फसवणूक होय.

हें मी दुसऱ्यांना हिणवण्यासाठीं लिहीत नाहीं. पहिला गुन्हेगार मीच आहें. एडिंबरो येथें कांहीं वर्षें राहण्याचा योग आला, तेव्हां अशाच एका सहा जणांच्या बैठकीचा मी सभासद होतों. एका हिवाळ्यांत यजमानानें पंचवीस वर्षांची एक बाटली आणली. तिच्यासाठीं त्यानें काय मोजलें हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. मीं तिला ९४ गुण दिले आणि ‘जुन्या ग्रंथांची चामडी बांधणी, मध, पिकलेलें संत्रें’ अशी स्तुति वहींत लिहिली. पुढच्या महिन्यांत त्याच यजमानानें आम्हांपुढें पांच पेले मांडले; बाटल्या आंतल्या खोलींत होत्या. तिसऱ्या पेल्याला मीं ८१ गुण दिले आणि ‘लाकूड फार, घशाशीं कडवट’ असा शेरा मारला. तो पेला त्याच पंचवीस वर्षांच्या बाटलींतला होता. सहांपैकीं चौघांची गत तीच झाली. सर्वांत अधिक गुण ज्या पेल्याला पडले, त्यांतील व्हिस्की कोपऱ्यावरच्या दुकानांत सहज मिळणारी, बारा वर्षांची होती. यजमान हंसला नाहीं, हें त्याचें सौजन्य. घरीं परततांना मला त्या व्हिस्कीपेक्षां माझ्या वहीची लाज अधिक वाटत होती. त्यानंतर आमच्यांतील दोघांनीं अशा परीक्षेला बसण्याचें साफ नाकारलें. ‘खेळाची मजा जाते,’ असें ते म्हणाले. कोणत्या खेळाची, हाच माझा प्रश्न आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, तुम्ही दांभिक होतां म्हणून फसलांत. प्रामाणिक माणूस लेबल पाहूनही निःपक्षपाती राहील. दुर्दैवानें गोष्ट इतकी सोपी नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोर्दोच्या संशोधकांनीं द्राक्षासवाचें शास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांपुढें पांढऱ्या वाइनलाच बेमालूम तांबडा रंग देऊन ठेवली. त्यांनीं तिच्या वासाचें वर्णन तांबड्या वाइनसाठीं राखून ठेवलेल्या शब्दांनीं केलें. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एकच वाइन एकदां १० डॉलरांची म्हणून व एकदां ९० डॉलरांची म्हणून पाजली. महाग म्हणून पाजलेली ती लोकांना अधिक आवडली. इतकेंच नव्हे, तर सुखाची जाणीव ज्या भागांत उमटते तो मेंदूचा भागही अधिक चेतलेला दिसला. म्हणजे ते खोटें बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांना खरोखरीच अधिक सुख झालें होतें. ही गोष्ट वाइनची असली तरी जीभ तीच आहे. जेथें भ्रम इतका खोल जातो, तेथें सद्हेतु पुरत नाहीं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता आपण चित्रांत पाहतों. ती तशी काढली आहे ती तिच्या चारित्र्यावर संशय म्हणून नव्हे.

विकणारे हें सर्व जाणून आहेत. स्कॉच व्हिस्कीविषयींचे २००९ सालचे नियम पुष्कळ अंशीं कडक आहेत: ती स्कॉटलंडांतच निदान तीन वर्षें, ७०० लिटरांहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत मुरली पाहिजे, तिच्यांतील मद्यार्क शेंकडा ४० हून कमी असतां कामा नये, आणि बाटलीवर वय लिहावयाचें तर तें आंतील सर्वांत कोंवळ्या व्हिस्कीचें लिहिलें पाहिजे. परंतु त्याच नियमांनीं साखर जाळून केलेला कॅरॅमल रंग घालण्यास मुभा ठेवली आहे. तेव्हां दिव्याकडे पेला धरून ‘काय जुनें सोनें आहे!’ असें उद्गारणारा गृहस्थ अनेकदां जळक्या साखरेचें कौतुक करीत असतो. ऑलिव्ह तेलाची पारख करणारे रीतसर परीक्षक गडद निळ्या पेल्यांतून तेल चाखतात, कारण रंगानें आपण फसतों हें त्यांनीं मान्य केलें आहे. तेल्याला जें समजलें, तें व्हिस्कीच्या रसिकाला समजूं नये काय?

या रोगाचें टोंक पाहावयाचें असेल तर मॅकॅलन भट्टीच्या १९२६ सालच्या एका पिंपाची कथा पाहावी. साठ वर्षें मुरल्यावर १९८६ सालीं त्यांतून अवघ्या ४० बाटल्या भरल्या. कांहींवर व्हालेरिओ आदामी या इटालियन चित्रकारानें केलेलें लेबल होतें. एक बाटली मायकेल डिलन या आयरिश चित्रकारानें हातानें रंगविली होती. २०१८ च्या ऑक्टोबरांत आदामीची बाटली एडिंबरोच्या लिलावांत ८,४८,७५० पौंडांना गेली. पुढच्याच महिन्यांत लंडनला डिलनची बाटली १२ लाखांना गेली. २०२३ च्या नोव्हेंबरांत पुन्हां आदामीचीच एक बाटली लंडनला २१,८७,५०० पौंडांना विकली गेली. पिंप एक, द्रव एक. फरक तो केवळ बाहेरच्या अंगाचा. चित्राला किंमत द्यावी, दुर्मिळतेला द्यावी. त्यांत पाप नाहीं. पण त्या किमतीला ‘चव’ हें नांव देऊं नये, आणि लिलावाचा हा वारा सहा मित्रांच्या मेजापर्यंत येऊं देऊं नये.

विशेष असें कीं, यावरचा उतारा खुद्द स्कॉटलंडांतच निघाला होता. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत एडिंबरोच्या पिप हिल्स या गृहस्थानें मित्रांच्या वर्गणींतून ग्लेनफारक्लास भट्टीचें एक पिंप विकत घेतलें. पाण्यानें सौम्य न केलेली ती व्हिस्की बाजारच्या बाटल्यांहून इतकी निराळी लागली कीं, वर्गणीदार वाढत गेले, आणि १९८३ सालीं लीथ बंदरांतील एका जुन्या मद्यकोठारांत स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी स्थापन झाली. तिच्या बाटल्यांवर भट्टीचें नांव न घालतां आकडे घालण्याची चाल पडली: टिंबापूर्वींचा आकडा भट्टीचा, नंतरचा पिंपाचा. कल्पना उत्तम होती. मनुष्यस्वभाव तिच्याहून बलवत्तर ठरला. कोणता आकडा कोणत्या भट्टीचा याच्या याद्या झाल्या, आणि सभासद पेल्याआधीं यादी पाहूं लागले. २०२१ सालीं तर सोसायटीची मालक कंपनी लंडनच्या शेअरबाजारांत दाखल झाली. यावरून धडा घ्यावयाचा तो असा कीं, नांव झांकण्याचें काम विकणारावर सोंपवून चालत नाहीं. तें चाखणारानें आपल्या घरीं स्वतःच केलें पाहिजे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप सुशिक्षितांचा आहे: कवीचें नांव न सांगतां कविता वाचावी काय? परंपरा, स्थळ, काळ हेंही ज्ञानच नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर साहित्यांतच मिळतें. आय. ए. रिचर्ड्स यांनीं केंब्रिजमध्यें विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें न देतां कविता वाचावयास दिल्या, त्यांचे अभिप्राय मागविले, आणि त्यांवरून १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ लिहिला. नामांकित विद्यापीठांतील वाचक कीर्तीचा आधार काढून घेतांच कसे अडखळतात हें त्यानें दाखविलें. त्यावरून कवींचीं नांवें कायमचीं पुसावीं असें कोणी म्हटलें नाहीं. आपण वाचतों कशाच्या बळावर हें मात्र वाचकांना कळलें. मीही नांव कायमचें झांका म्हणत नाहीं. आइलाच्या पीटचा धूर, स्पे नदीकांठच्या भट्ट्या, शेरीचीं पिंपें हें सारें ज्ञान हवेंच आहे. पण साक्ष आधीं व्हावी, आणि आरोपीचें कुलवृत्त मागाहून वाचावें.

दुसरा आक्षेप वयाच्या अभिमान्यांचा. जुनी व्हिस्की महाग असते ती उगीच नव्हे, असें ते म्हणतात. खरें आहे. स्कॉटलंडांतील पिंपांतून दरवर्षीं सुमारें दोन टक्के द्रव हवेंत उडून जातो. त्याला तेथें ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात. पंचवीस वर्षांत देवदूत बरेंच पिऊन जातात, आणि तो खर्च बाटलीवर चढतो. परंतु हा मालकाच्या खर्चाचा हिशेब झाला, पेल्यांतील गुणांचा नव्हे. ओक कांहीं काळ देतो, आणि पुढें गिळूं लागतो. तो क्षण प्रत्येक पिंपाचा निराळा. शिवाय काळाची गति सर्वत्र एक नाहीं. बंगळूरच्या किंवा गोव्याच्या हवेंत पिंपांतून याहून कितीतरी अधिक द्रव उडतो, आणि व्हिस्की थोड्या वर्षांतच मुरते. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीनें आपली सिंगल माल्ट २००४ सालीं थेट ग्लासगोंत नेली. तत्पूर्वीं नांव न सांगतां ती तेथें लोकांना चाखावयास दिली असतां अनेकांनीं ती स्कॉटलंडचीच मानली, असें ती कंपनी सांगते. कायद्यानें ती स्कॉच नव्हे आणि कधीं होणारही नाहीं. पण लेबल पाहून तिच्याकडे ढुंकून न पाहणारे किती निघाले असते, याचा अंदाज करणें कठीण नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा आहे: ‘ज्याची त्याची आवड.’ ठीक आहे. मग ८८ आणि ९२ हे आंकडे कशासाठीं छापतां? आवडीला दशांशाचा पोशाख चढवावयाचा आणि प्रश्न विचारतांच ती खाजगी म्हणून दार लावून घ्यावयाचें, ही मखलाशी आहे. आवड खाजगी असली तरी तिचें सातत्य तपासतां येतें. तीन पेले घ्यावे. दोहोंत एकच व्हिस्की, तिसऱ्यांत दुसरी. निराळा कोणता तें सांगावें. निव्वळ अंदाजानेंही तिनांत एकदां बरोबर येईल. म्हणून प्रयोग पुष्कळदां करावा. ज्याला हें साधत नाहीं, त्यानें त्या दोन व्हिस्कींत चार गुणांचा फरक लिहूं नये. किंवा सहा पेल्यांच्या ओळींत एकच व्हिस्की दोनदां ठेवावी. जो तिला एकदां ९० व एकदां ८३ देतो, त्याच्या वहीचें मोल त्यालाच कळून चुकेल.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. मित्रानें महिन्याच्या प्राप्तीचा मोठा वांटा घालून आणलेली बाटली त्याच्यासमोर वाईट म्हणणें हा त्याचा अपमान होतो. म्हणून लेबल उघडें असलेल्या बैठकींत सौजन्यच खोटें बोलावयास लावतें, आणि सर्वांत श्रीमंत सभासद हाच सर्वांत मोठा रसिक ठरतो. नांव झांकलें कीं ही अडचण दूर होते. पेला कोणाचा तें ठाऊक नसल्यामुळें खरें बोलण्यांत कोणाचा उपमर्द नाहीं, आणि स्वस्त बाटली आणणारालाही मान खालीं घालावी लागत नाहीं. मैत्री आणि सत्य यांना एका मेजावर बसवावयाचें तर मध्यें एक फडकें पुरतें.

खर्च म्हणाल तर तेवढाच: बाटल्यांना पिशव्या घालाव्या, एकानें ओताव्या, दुसऱ्यानें क्रम बदलावा, पेले रंगीत असावे, घोट लहान असावे, कारण सहाव्या पेल्यापर्यंत शाबूत नाक हवें, आधीं मुकाट्यानें लिहावें, मग बोलावें, आणि सर्वांचें बोलून झाल्यावर पिशव्या काढाव्या. माझ्या नव्या वहींत नांवाचा रकाना पानाच्या तळाशीं आहे, आणि किमतीचा रकाना मुळींच नाहीं. जे गुण छापतात त्यांनीं आपली वही कशी आंखली आहे, तेवढें छापील गुणांच्या वर लिहावें. मग त्यांचें वाचावयाचें कीं नाहीं हें वाचक ठरवील.