गोऱ्ह्याचा रकाना कुठंय?



"प्राणी कल्याणाचं प्रमाणपत्र घ्या, दुधाला नाव मिळेल," असं सांगत सध्या माणसं गावोगाव फिरतायत. त्यांचा अकरा पानी फॉर्म मी दोनदा वाचला. गाईचं सुख तपासायला माझी ना नाही. पण हा फॉर्म गाय तपासत नाही, माझे कागद तपासतो. गोठ्याचा नकाशा, औषधांच्या पावत्या, रजिस्टर, फोटो. कानात 12 अंकी बिल्ला असताना वरून आणखी रजिस्टर! शुल्क माझं, तपासणीसाच्या गाडीचं भाडंही माझंच.

गाय काय सांगते ते बघायला कागद लागत नाही. पुढचे गुडघे सुजलेत का, खूर वाढून चाल बिघडलीय का, मानेला दाव्याचा घट्टा पडलाय का, एवढं बघा. भर दुपारी गाई निवांत बसून रवंथ करतायत का ते बघा. गाय दिवसातले दहा-बारा तास बसते. ओल्या फरशीवर, दोन हात दाव्याला बांधली तर ती बसत नाही, ताटकळते. म्हणून मी दावण मोडून मुक्तसंचार गोठा केला. पाण्याचा हौद कायम भरलेला. उन्हाळ्यात दुभती संकरित गाय 80-100 लिटर पाणी पिते, आणि तेही तिच्या वेळेला, आपण बादली नेऊ तेव्हा नाही.

पशुवैद्यक मंडळींना 'पाच स्वातंत्र्यं' माहीत असतील. ब्रिटनमध्ये 1965 च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून तो विचार पुढं आला, 1979 ला त्याची यादी झाली. यादी चांगलीच आहे. पण ती फॉर्मवर छापली म्हणून गोठ्यात येत नाही.

आता मुद्द्याचं. अकरा पानांत गोऱ्ह्याला रकानाच नाही! संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याचं पुढं काय होतं, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. ट्रॅक्टर आल्यावर औताला त्याला कोण ठेवतो? 2015 पासून राज्यात बैल-गोऱ्हा कापायला बंदी आहे. कायदा बरा की वाईट, ते भांडण इथं नको. पण त्याला गिऱ्हाईक नाही आणि पोसायला रोज दोन-तीन लिटर दूध लागतं. मग तो खुंट्याला उपाशी मरतो, नाहीतर रात्री हायवेला सोडला जातो. सगळ्यात जास्त हाल ज्याचे, तोच यादीत नाही, आणि पिशवीवर मात्र हसरी गाय. सॉर्टेड सीमेनच्या कांडीनं दहातल्या नऊ कालवडी होतात, हे खरं. पण कांडी महाग, गाभ धरायचं प्रमाणही जरा कमी. तो फरक कोण भरणार?

कारण डेअरीत दर ठरतो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर. मोकळ्या गाईचं आणि बांधलेल्या गाईचं दूध एकाच बल्क कूलरमध्ये पडतं. दर विचारला तर म्हणे, बाजार तयार होईल. लेबलांचा भरवसा आपण पाहिलाय की. पाकिटावर ए2 लिहू नका, हा एफएसएसएआयचा आदेश ऑगस्ट 2024 मध्ये निघाला आणि आठवड्याच्या आत मागं घेतला गेला.

सेंद्रिय शेतीला पीजीएस आहे, गटातले शेतकरीच एकमेकांचं रान तपासतात. गोठ्याला तसं का नको? शेजाऱ्याला खोटं सांगून चालत नाही, माझा गोऱ्हा गेला कुठं ते त्याला माहीत असतं. डॉक्टर वर्षातून दोनदा यावेत, न सांगता. पैसे लेबल लावणाऱ्यानं द्यावेत. आणि लिटरमागं किती जास्त देणार, ते आधी लेखी.

आमच्यातले सात जण तयार झालेत. पोळ्यानंतर पहिली फेरी, सुरुवात माझ्या गोठ्यापासून. गोऱ्ह्यांची वही आधी उघडायची असं ठरलंय. जनावरांचे डॉक्टर वाचत असतील तर लंगडेपणाला गुण कसे द्यायचे, ते सोप्या भाषेत लिहा.